एकसष्टावा ळ

लोणावळ्याच्या बाजारपेठेत विठ्ठलरावांचा छापखाना होता, आणि त्या छापखान्यात ळ कमी होते. ही गोष्ट गावभर झाली होती, कारण विठ्ठलरावांनी ती लपवायचा फार प्रयत्न केला होता. छपन्न साली त्यांनी जबलपूरकडच्या एका बंद पडलेल्या छापखान्याचे अक्षरांचे खिळे एकगठ्ठा उचलले. स्वस्तात मिळाले म्हणून आठवडाभर छाती फुगवून हिंडले. मग पहिलं काम आलं, 'मावळ' हा शब्द जुळवायला घेतला, आणि तेव्हा उजेड पडला की तो छापखाना हिंदी होता आणि हिंदीवाल्यांचं ळवाचून काही अडत नाही. मावळ तालुक्यात दुकान मांडायचं, पत्ता लोणावळ्याचा लावायचा, आणि ळच विसरायचा! शेवटी पुण्याहून साठ ळ वेगळे ओतवून आणले. त्यानंतर एकही आणला नाही. विषय निघाला की विठ्ठलराव म्हणायचे, साठ पुष्कळ झाले, जपून वापरा.

या छापखान्यात बाया नावाची बाई केर काढायची.

बाया कुसगावच्या वरच्या ठाकरवाडीतली. नवरा नवसू घाटात रेल्वेच्या खडीवर कामाला, आणि एक मुलगी, गंगी. बाया रोज सकाळी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरायची, मोळी बाजारात टाकायची आणि मग छापखान्यात झाडू हातात घ्यायची. केरात खिळे सापडत. शिशाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक अक्षर. सोपान नावाचा जुळारी ते खणांतून उचलून शब्द जुळवायचा आणि जुळवता जुळवता निम्मे जमिनीवर सांडायचा. सुरुवातीला बाया सापडलेला खिळा त्याच्यापुढे धरायची. तो मान वर न करता ठेव तिथं म्हणायचा. मग तिने विचारणंच सोडलं. खिळा हातात घ्यायचा, खण न्याहाळायचे, आणि याची भावंडं ज्या खणात दिसतील तिथे टाकायचा. खिळ्यांच्या चार लाकडी पेट्या होत्या, त्यांना केस म्हणत, आणि त्यांत साडेतीनशेच्या वर खण. दीड वर्षात तिला सगळे पाठ झाले. सोपानला याचा पत्ताच नव्हता. त्याला वाटायचं, हल्ली आपला हात सुधारला.

अक्षरांची नावं तिला माहीत नव्हती, म्हणून तिने आपली ठेवली. कान्याला काठी. ट म्हणजे गळ. ठ म्हणजे मडकं. र म्हणजे काटकी, व म्हणजे पोटुशी. आणि ळ म्हणजे कावड, दोन्हीकडे एकेक टोपली लटकवलेली. विठ्ठलरावांनी कधी तिला विचारलं असतं की घरात माणसं किती, तर तिने हाताच्या बोटांवर सांगितलं असतं. पण खणांत काठ्या किती नि कावडी किती हे तिला जास्त नीट ठाऊक होतं.

यात एक गोम होती. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, तेव्हाच ते कागदावर सुलटं उमटतं. त्यातून जुळारी ओळ हातात धरतो ती खाली डोकं वर पाय. म्हणजे बायाला जी अक्षरं येत होती ती शिशाबाहेर कुठेच लिहिलेली नव्हती. पाटीवरचं, वर्तमानपत्रातलं, देवळाच्या भिंतीवरचं अक्षर समोर आलं की ती गांगरायची. तिला वाटायचं, ही निराळीच जात आहे.

चौसष्ट सालच्या थंडीत सोपानला पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागली. शुक्रवारी त्याने शाईने माखलेले हात धुतले ते कायमचेच. जुळाऱ्याची खिडकीजवळची जागा रिकामी झाली, आणि बायाला ती हवी होती. डोक्यावरचा भारा सुटेल हे एक झालंच. पण त्याहून जास्त तिला त्या कामाची ओढ होती. खिळ्याला खिळा लागून बसला की बारीकसा आवाज होतो, तो ऐकताना तिचा झाडू थांबायचा. सोपान चुकीच्या खणात हात घालायचा तेव्हा तिचाच जीव खालीवर व्हायचा. शनिवारी सकाळी तिने धीर केला आणि विठ्ठलरावांना सांगून टाकलं की मला केसवर बसवा.

विठ्ठलराव हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. जुळाऱ्याला आधी वाचता यायला हवं असं त्यांनी तिला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. पुण्याचा एक माणूस त्यांनी बघून ठेवला होता, मंगळवारी यायचा होता. बायाने झाडलेलीच जागा पुन्हा झाडली.

त्याच दुपारी लीलाबाई आल्या. लीलाबाई लोणावळ्याच्या शाळेत शिक्षिका, आणि त्यांचं अक्षर इतकं घोटीव की पोरं त्यांच्या फळ्यावरून कित्ता गिरवायची. त्यांच्या हातात पातळ कागदावर लिहिलेलं एक पत्रक होतं, सोमवारी सकाळी मैदानावर वाटायला तीनशे प्रती हव्या होत्या. विठ्ठलरावांनी वरची ओळ वाचली आणि खुर्चीत बसले. 'मावळ तालुका शालेय खेळ मेळावा, लोणावळा.' पहिल्याच ओळीत चार ळ. खाली प्रत्येक शर्यतीपुढे 'वेळ', प्रत्येक वेळेपुढे 'सकाळी'. त्याच्या खाली अठ्ठावीस गावांची नावं, मळवली, वळवण, येळसे, शिळिंब, आणि प्रत्येकापुढे 'शाळा'. ज्याने कुणी हा मेळावा काढला त्याचा आपल्या छापखान्यावर डूख असणार असं विठ्ठलरावांना मनापासून वाटलं.

ळच्या जागी ल घालायची सोय नव्हती. मागे एकदा सोपानने निरुपायाने 'सकाली' छापलं होतं, तर वर्षभर बाजारपेठेतली माणसं विठ्ठलरावांना 'काय सकाली सकाली?' म्हणून छळत होती. नाही म्हणायचीही सोय नव्हती, कारण लीलाबाई कागद ठेवून निघूनसुद्धा गेल्या होत्या.

रविवारी सकाळी बाया आली तेव्हा विठ्ठलराव भिंग डोळ्याला लावून केसपुढे बसले होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. पहाटेपासून बसून त्यांची दीड ओळ झाली होती, आणि त्यातलीही निम्मी अक्षरं चुकली होती. बायाने ती ओळ पाहिली. काठीच्या जागी दुसरंच काही पडलं होतं.

"आबा, मला द्या," ती म्हणाली. "मी बसवते."

विठ्ठलरावांनी हात टेकले होते, नाहीतर त्यांनी ऐकलं नसतं. जुळवून दाखवलंस तर केस तुझी, नाही जमलं तर मंगळवारी पुण्याचा माणूस बसेल, असं त्यांनी सांगितलं आणि जागा सोडली. मग ते मजकूर वाचून दाखवायला लागले. मा, म्हणाले. बाया नुसती बघत राहिली. मा कानाला कसा लागतो याच्याशी तिचा कधी संबंधच आला नव्हता. तिला त्याचा चेहरा हवा होता. तिने कागद मागून घेतला. जवळजवळ सगळी अक्षरं त्या निराळ्या जातीची.

ती कागद घेऊन खिडकीशी गेली. उजेडात पातळ कागदाच्या पाठीवर शाई दिसत होती. तिने कागद पाठमोरा केला, मग डोकं खाली करून काचेला लावला. काठ्या, पोटुश्या, मडकी, कावडी, सगळी ओळखीची माणसं डावीकडून उजवीकडे रांगेत उभी होती, हातातल्या ओळीत उभी राहतात तशीच. तिने कागदाच्या चारही कोपऱ्यांना खळ लावून तो काचेवर तसाच चिकटवला.

पण लगेच जुळवायला बसली नाही. सोपान बसला असता आणि गावांच्या यादीपाशी ळ संपले म्हणून डोकं धरलं असतं. बायाने आधी काचेवरच्या कावडी मोजल्या. वीस झाल्या की एक खडा बाजूला ठेवायचा, वाडीत तसंच मोजत. तीन खडे झाले आणि वर एक कावड उरली. तीन विसा नि एक. खणात हात घालून मोजल्या तर तिथे जेमतेम दीड विसा.

बाकीच्या कुठे आहेत हे तिला ठाऊक होतं. टेबलाखाली लग्नपत्रिकांचे जुळवलेले मजकूर सुतळीने बांधून ठेवलेले असत. एकाच घरात पुढच्या वर्षी दुसरं लग्न निघालं की नुसती नावं बदलायची, अशी विठ्ठलरावांची काटकसर. या गठ्ठ्यांमध्ये साठांतले निम्मे ळ वर्षानुवर्षं अडकून पडले होते. बायाने ते सोडायची परवानगी मागितली. विठ्ठलरावांचा जीव थोडा थोडा झाला, पण ते म्हणाले, सोड, त्यांची लग्नं तर झाली.

मग बायाने जे केलं ते सोपानला कधी सुचलं नसतं, कारण सोपान वाचायचा. तो मजकूर सोडायचा म्हणजे एकेक अक्षर खणात टाकायचा आणि पुन्हा एकेक उचलायचा. बायाला शब्द म्हणजे खिळ्यांची माळ दिसायची, आणि माळेचा हवा तेवढाच तुकडा उचलता येतो. लग्न सकाळचं होतं, शर्यतही सकाळची होती. 'सकाळी' तिने चिमटीत धरून अख्खाच्या अख्खा उचलला. 'वेळ' तसाच. 'मंगळवार'मधून मधले दोन तुकडे काढले ते वळवण गावाच्या कामी आले. 'सर्व मंडळी'तली 'ळी' दुसरीकडे गेली. एका हॉटेलच्या जुन्या पत्रातलं 'लोणावळा' होतं तसं मथळ्यात जाऊन बसलं. काचेकडे बघायचं, माळ मनात धरायची, आणि गठ्ठ्यांत तिच्याशी जुळणारा जास्तीत जास्त लांब तुकडा शोधायचा. दुपार व्हायच्या आत पत्रक निम्मं झालं होतं.

'खेळ' या शब्दापाशी मात्र गंमत झाली. पत्रिकांमध्ये खेळ कुठून येणार? पण बायाने बघितलं तर काचेवरच्या त्या शब्दात पुढे एक काटकी होती, आणि मागे जे होतं ते तिच्या हातातच होतं. तिने खणातला र उचलला आणि 'वेळ'च्या पुढे खेटून लावला. झाला खेळ. विठ्ठलरावांनी तपासणीची पहिली प्रत काढली तेव्हा ते त्या शब्दावर भिंग फिरवत राहिले. र आहे, व आहे, ख कुठेच नाही, आणि तरी स्वच्छ खेळ वाचता येतोय. आयुष्य छापखान्यात गेलेल्या माणसाला, ख म्हणजे र आणि व शेजारी शेजारी, हे आज कळत होतं. पुढची ओळ वाचताना त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.

सगळं बिनचूक होतं. फक्त शेवटच्या गावापुढे 'शा', मग एक भोक, मग कान्याची काठी. साठ ळ संपले होते आणि एक कमी पडत होता.

विठ्ठलराव आता खुशीत होते. इतकं सगळं झाल्यावर एका ळसाठी कोण रडत बसतो. ते म्हणाले, ती शेवटची ओळ काढूनच टाक, वरच्या ठाकरवाडीतून कोण येणार आहे पळायला. आणि ते हात धुऊन शेजारच्या उपाहारगृहात चहाला गेले. आपण हे कुणापुढे बोललो हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

बाया त्या ओळीकडे बघत बसली. वाडीत दोन वर्षांपूर्वी शाळा सुरू झाली होती, आंब्याखाली, आणि आंब्याला पत्र्याची एक पाटी टांगली होती. गंगी त्या शाळेत जायची. रोज डोंगर उतरताना ती पाटी बायाच्या नजरेला पडायची. बघून बघून त्या पाटीवरचा एवढा एकच शब्द तिला सुलटा ओळखता यायला लागला होता, आधी मडकं मग काठी. सकाळी कागद काचेला लावायच्या आधीच तिने तो शेवटच्या ओळीत पाहिला होता. दिवसभर ती त्या ओळीकडे जात होती.

तिला चांगलंच कळत होतं की मालकाने सांगितलेलं केलं तर खिडकीजवळची जागा आपली. नाही केलं तर मंगळवार आहेच. तिला राग आला, विठ्ठलरावांचा नव्हे, त्या एका ळचा. मग तिने टेबलावर पाहिलं. छापखान्यातल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी एक बारीक ओळ छापायची असते, मुद्रकाचं नाव आणि गाव. ती ओळ कायमची जुळवून ठेवलेली असे, दर कामाला उचलून तळाशी लावायची. तिच्यात एक कावड होती. ती ओळ पुण्याहून जुळवूनच आली होती, म्हणून ती कावड साठांत कधीच कुणी धरली नव्हती; ती मालकाची.

बायाने ती चिमट्याने उपसली आणि आपल्या शाळेत बसवली. रिकाम्या जागेत तेवढ्याच रुंदीचा कोरा तुकडा घातला.

चहा पिऊन आलेल्या विठ्ठलरावांनी जुळवलेल्या ओळींचा फर्मा चौकटीत आवळला आणि पायाने यंत्र चालवायला घेतलं. तळाच्या ओळीकडे बघायचं कारणच नव्हतं, ती आठ वर्षं तीच होती. चार वाजेपर्यंत तीनशे प्रती दोरीवर आणि टेबलांवर वाळत पडल्या.

साडेचारला लीलाबाई आल्या. त्यांनी एक प्रत उचलली आणि शिक्षिकेच्या सवयीने वरून खालपर्यंत बोट फिरवत वाचली. चेहरा खुलत गेला. एक चूक नव्हती. मग बोट तळाशी गेलं आणि थांबलं. विठ्ठलराव, तुमच्याच गावाचं नाव अर्धं कसं, असं त्यांनी हसून विचारलं. विठ्ठलरावांनी भिंग लावलं. 'मुद्रक : विठ्ठल मुद्रणालय, लोणाव', मग कोरी जागा, मग कान्याची काठी. त्यांनी भिंग वर सरकवलं. 'ठाकरवाडी शाळा' ठसठशीत उमटली होती. त्यांचे कान लाल झाले.

"मी ती ओळ काढायला सांगितली होती, बाया."

"व्हय."

"मग?"

बाया म्हणाली, "तुमच्या गावाचं नाव रोज छापतं, आबा. आमच्या साळंचं आज पयल्यांदा आलंतं. ते काडून मी कंच्या खणात ठेवलं असतं?"

लीलाबाईंनी हळूच विचारलं की ती ओळ तुमची आहे हे तुला कसं समजलं. बायाने पाटीचं सांगितलं. मडकं, मग काठी, मग पुढचं.

"म्हणजे तू ते वाचलंस," लीलाबाई म्हणाल्या.

बायाने याचा विचार केला नव्हता. "तेवढंच आलं," ती म्हणाली, आणि एकाएकी तिला रडू फुटलं. जागा तर गेलीच, असं तिने धरून ठेवलं होतं.

विठ्ठलराव कपाटापाशी गेले. कायद्याप्रमाणे मुद्रकाचा पत्ता धड हवाच, नाहीतर उद्या कुणीही कागद नाचवील. पुन्हा छापायचं तर ळ नाही. त्यांनी काळ्या शाईची दौत आणि एक टाक काढला आणि दोन्ही बायापुढे ठेवलं. म्हणाले, ज्याने भोक पाडलं त्याने बुजवायचं, तीनशे ठिकाणी.

तिने आयुष्यात टाक धरला नव्हता. लीलाबाईंनी रद्दीच्या कागदावर ळ काढून दाखवला, डावीकडची टोपली, मग मधला दांडा, मग उजवीकडची. बायाने पाहिलं. ही कावड तर कशीही फिरवली तरी कावडच होती, हिला सुलटं-उलटं करायला नको. पहिला ळ वाकडा आला. पाचवा जरा बरा. विसाव्याला तिचं रडू थांबलं होतं आणि चाळिसाव्याला ती जीभ दातांत धरून लिहीत होती. लीलाबाई एकेक प्रत पुढे सरकवत होत्या, विठ्ठलराव लिहिलेली उचलून वाळत टाकत होते. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं. शेवटच्या प्रतीवरचा ळ इतका नेटका उतरला की लीलाबाईंनी ती स्वतःसाठी ठेवून घेतली.

लीलाबाई गठ्ठा घेऊन गेल्यावर बाया उठली. बोटं काळी झाली होती. तिने झाडू उचलला, कारण खाली सकाळपासूनचे खिळे सांडले होते, या वेळी तिच्याच हातचे. विठ्ठलराव यंत्र पुसत होते. पाठमोरेच म्हणाले की पुण्याच्या माणसाला येऊ नको म्हणून उद्या सकाळीच तार करतो, तू आठला ये आणि आधी गठ्ठ्यांतलं राहिलेलं सगळं सोडून खणांत टाक. आणि पुण्याला शंभर ळ सांगतो, ते पुढे म्हणाले, आणि हे बोलणं त्यांना बरंच जड गेलेलं दिसलं.

बाया तशीच उभी राहिली. एवढं ऐकल्यावर खरं तर तिने काहीतरी चांगलं बोलायचं, पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"मंग केर कोन काडील, आबा?"

"मी काढीन," विठ्ठलराव म्हणाले. "केरापुरतं मला अजून दिसतं."

सोमवारी सकाळी मैदानाकडे निघालेल्या पोरांनी आणि मास्तरांनी पाहिलं, छापखान्याचा मालक धोतर खोचून दारात झाडत होता, आणि आत खिडकीजवळ पाठमोरी बसलेली एक बाई त्याला सांगत होती की हळू, आबा, त्या कोपऱ्यात एक कावड पडलीय.